‘गेट’ कसा शिकायचा: मराठी बोलणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्याला लांबलचक शब्द छळत नाहीत. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ एकदा पाठ झाला की आयुष्यभर तेवढंच एक काम करतो. छळतात ती तीन अक्षरांची मंडळी: सेट, रन, पुट आणि गेट. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. नंतरच्या सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच सहाशेच्या वर अर्थ त्यात नोंदले गेले. एवढे अर्थ इंग्रजांनाही पाठ नसतात. पण रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त अडतं ते ‘गेट’पाशी. मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या असो, मिरजेच्या दवाखान्यातली नर्स असो किंवा कुपवाड एमआयडीसीत मुलाखतीला निघालेला पोरगा, तिघांच्याही पहिल्या पाच वाक्यांत तो येतो. म्हणून हा लेख फक्त त्याच्यावर.

आधी एक खुलासा. मी बोलतेय ते जी-ई-टी स्पेलिंगच्या शब्दाबद्दल. कंपाउंडचं फाटक म्हणजे वेगळं गेट. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो, त्यामुळे उच्चारही सारखाच होऊन बसतो. आपल्या शब्दातला ‘ए’ आखूड आहे, ‘पेन’ किंवा ‘रेड’मधल्यासारखा. फाटकातला लांब आहे, ‘केक’मधल्यासारखा. बोलताना तेवढं सांभाळा.

पहिली पायरी: ‘मिळणे’ बाजूला ठेवा, ‘लागणे’ आठवा

शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ असं शिकवतात. ते खोटं नाही. शब्द मुळात जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’वरून आलाय आणि त्याचा अर्थ मिळवणे हाच होता. पण आठशे-हजार वर्षांत तो इतका पसरलाय की ‘मिळणे’ घेऊन गेलात तर अर्धी वाक्यं कळणार नाहीत.

त्यापेक्षा आपलं ‘लागणे’ बघा. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, झोप लागली. मुलाला नोकरी लागली, दहावीचा निकाल लागला, दार वाऱ्याने लागलं. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट लागतो आणि त्या घाटात काहींना गाडी लागते. सांगलीच्या स्टँडवर तासगावची एसटी लागली. ऑपरेशनला पैसे लागतात, उद्या मिरजेला जावं लागेल, पाऊस पडायला लागला, आणि ती बाई तुमची कोण लागते? मोल्सवर्थसाहेबांनी १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ समजावून सांगायला बरीच जागा खर्च केलीय. तुम्ही मात्र यातला एकही अर्थ पाठ केलेला नाही, आणि चूक एकदाही होत नाही.

कारण अर्थ ‘लागणे’त नसतोच. तो शेजारच्या शब्दात असतो. ‘भूक’ ऐकलं की एक अर्थ ठरतो, ‘निकाल’ ऐकलं की दुसरा. ‘गेट’चंही तंतोतंत हेच आहे, फरक फक्त जागेचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे खूण आधी हातात पडते. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि खूण मागून. ‘आय गॉट’ एवढं ऐकून काहीही ठरत नाही. ‘आय गॉट अ लेटर’ म्हटलं तर पत्र मिळालं, ‘आय गॉट टायर्ड’ म्हटलं तर दमले, ‘आय गॉट होम’ म्हटलं तर घरी पोचले. म्हणून ‘गेट’ कानावर पडला की तिथल्या तिथे भाषांतर सुरू करायचं नाही. पुढचा शब्द येऊ द्यायचा. ही एक सवय लागली की पुढचं सगळं सोपं आहे.

दुसरी पायरी: पुढे वस्तू आहे, अवस्था आहे की ठिकाण?

वस्तू किंवा नाम आलं तर मिळणे, आणणे, विकत घेणे. ‘वी गॉट अ गुड रेट’, हळदीला चांगला दर मिळाला. ‘गेट मी सम वॉटर’, जरा पाणी आण. दारावरची बेल वाजली आणि कुणी ‘आय विल गेट इट’ म्हणालं तर ‘मी बघतो’ असा अर्थ. फोन वाजला तरी हेच वाक्य चालतं. आणि ‘गॉट इट’ म्हणजे कळलं. यात फार अडण्यासारखं काही नाही.

अवस्था सांगणारा शब्द, म्हणजे विशेषण आलं, की ‘होणे’. इथे थोडं थांबायला हवं. मराठीत अशा बऱ्याच ठिकाणी एकच सुटसुटीत क्रियापद असतं: भिजणे, चिडणे, दमणे, कंटाळणे, घाबरणे. आपण इंग्रजीतही असंच एकेक क्रियापद शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणून गप्प होतो. इंग्रजी तिथे ‘गेट’ला एक विशेषण जोडून मोकळी होते. ‘वी गॉट वेट’, भिजलो. ‘ही गॉट अँग्री’, चिडला. ‘शी गॉट बोअर्ड’, कंटाळली. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधार पडतोय. ‘इट्स गेटिंग लेट’, उशीर होतोय. तुमच्या मनात मराठी क्रियापद आलं आणि त्याला इंग्रजी जोडीदार सुचला नाही, तर विशेषण शोधा आणि त्याच्या आधी ‘गेट’ लावा. दहापैकी आठ वेळा काम होतं.

एक खड्डा मात्र इथेच आहे. ‘होणे’ म्हणजे ‘गेट’ असं समजून ‘ती नर्स झाली’चं ‘शी गॉट अ नर्स’ केलंत, तर ऐकणाऱ्याला कळेल की तिने घरी नर्स ठेवली. व्यवसाय, पद, नातं, म्हणजे पुढे नाम असेल तर ‘बिकेम’ वापरायचं.

ठिकाण आलं तर पोचणे. ‘व्हेन डिड यू गेट टू सांगली?’ गावाच्या नावाआधी ‘टू’ हवाच. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी नको. गंमत म्हणजे ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही आणि आपण नेमका तिथे तो लावतो.

तिसरी पायरी: दवाखान्यातला ‘गेट’

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून रुग्ण इथे येतात आणि डॉक्टर-रुग्ण-नर्स यांच्यात कधी कधी इंग्रजीच मधली भाषा होते. तिथे ‘गेट’ची तीन रूपं सरमिसळ झाली तर सांगणाऱ्याच्या दुखण्याचा अर्थच बदलतो.

‘आय हॅव गॉट अ हेडेक’ म्हणजे आत्ता डोकं दुखतंय. ‘आय गेट हेडेक्स’ म्हणजे मला डोकेदुखीचा त्रास आहे, अधूनमधून दुखतं. आत्ता दुखत असेल किंवा नसेलही. ‘आय अ‍ॅम गेटिंग अ हेडेक’ म्हणजे डोकं दुखायला लागलंय, सुरुवात आहे. बघा, इथे आपलं ‘लागणे’ बरोब्बर बसतं.

आपल्याकडे सरसकट तिसरं रूप वापरलं जातं. चार वर्षांपासून गुडघे दुखणारे आजोबाही ‘आय अ‍ॅम गेटिंग पेन’ म्हणतात आणि परदेशात शिकलेल्या डॉक्टरला वाटतं की दुखणं आत्ताच सुरू झालं. त्यांनी म्हणायला हवं, ‘आय गेट पेन इन माय नीज’, आणि पुढे किती वर्षांपासून ते. नर्सचं काम करणाऱ्यांनी प्रश्नही वेगळे ठेवावेत. ‘डू यू गेट चेस्ट पेन?’ हा सवयीबद्दलचा प्रश्न आहे. ‘हॅव यू गॉट चेस्ट पेन?’ हा या क्षणाबद्दलचा. दुसऱ्याला ‘हो’ उत्तर आलं तर पळायचं असतं.

आजार झाला हे ‘गॉट’नेच: ‘ही गॉट डेंग्यू’. बरं वाटायला लागलं हे ‘आय अ‍ॅम गेटिंग बेटर’. आजारातून पूर्ण उठलो हे ‘आय गॉट ओव्हर इट’. दुःखातून सावरायलाही हेच वापरतात, पण कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर ‘गेट ओव्हर इट’ असं कधी म्हणू नका. त्याचा सूर ‘पुरे झालं आता’ असा होतो.

चौथी पायरी: केलं की करून घेतलं?

माझ्या मते ‘गेट’चा हा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे आणि वर्गांत त्यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

आपण मराठीत सैल बोलतो. ‘मी काल केस कापले’ म्हणतो, म्हणजे सलूनमध्ये जाऊन बसलो. ‘आम्ही घर बांधलं’ म्हणतो, विटा गवंड्याने रचल्या. ऐकणाऱ्याला ते कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात येते. म्हणायचं असं: ‘आय गॉट माय हेअर कट’. नेमकी मराठी हवी असेल तर ‘कापून घेतले’. या ‘-ऊन घेणे’ला इंग्रजी जोडीदार म्हणजे ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम महत्त्वाचा आहे. वस्तू मध्ये.

‘आय गॉट द बाइक सर्व्हिस्ड’, गाडी सर्व्हिसिंग करून घेतली. ‘वी गॉट द हाउस पेंटेड’, घर रंगवून घेतलं. ‘गेट धिस झेरॉक्स्ड’, हे झेरॉक्स करून आण. ‘झेरॉक्स’ आपल्याकडे चालतं, बाहेरदेशी ‘फोटोकॉपीड’ म्हणा. ‘गेट युअर आयज टेस्टेड’, डोळे तपासून घ्या. एकदा ही चौकट हातात आली की दिवसभरातली निम्मी कामं तिच्यातून सांगता येतात, कारण आपण निम्मी कामं दुसऱ्याकडूनच करून घेत असतो.

कुणाकडून करून घेतलं हेही सांगायचं असेल तर चौकट बदलते: ‘गेट’, मग माणूस, मग ‘टू’, मग साधं क्रियापद. ‘आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप’. यातला ‘टू’ गाळता येत नाही. ‘मेक’ वापरलात तर उलट, तिथे ‘टू’ येत नाही. अर्थातही फरक आहे. ‘मेड’मध्ये जबरदस्तीचा वास येतो. ‘गॉट’मध्ये मनधरणी असते, गोड बोलून, पटवून, कधी चहा पाजून. सासऱ्यांना गोळ्या घ्यायला लावल्या हे सांगताना कुठला शब्द निवडायचा ते तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे.

आता मधली वस्तू काढून टाका, म्हणजे ‘गेट’ आणि लगेच क्रियापदाचं तिसरं रूप. अर्थ होतो, आपल्या बाबतीत ते घडलं. ‘आय गॉट सिलेक्टेड’, माझी निवड झाली. ‘ही गॉट ट्रान्सफर्ड टू सातारा’, त्याची साताऱ्याला बदली झाली. ‘वी गॉट पेड’, पगार झाला. ‘दे गॉट कॉट’, सापडले. ‘वी गॉट स्टक इन द घाट’, घाटात अडकलो. ‘दे गॉट मॅरिड’, त्यांचं लग्न झालं. कुणाशी हे सांगताना ‘टू’ लावायचा, ‘विथ’ नाही. आपल्याकडे ‘मॅरिड विथ’ इतकं रुळलंय की कानाला खटकतही नाही, पण ती सवय सोडा.

‘गेट लॉस्ट’ही याच घरातला. ‘वी गॉट लॉस्ट इन मार्केट यार्ड’ म्हणजे आम्ही वाट चुकलो. तेच दोन शब्द समोरच्याकडे बघून म्हटले तर ‘चालता हो’.

पाचवी पायरी: जायला मिळालं आणि जावं लागलं

‘आय गॉट टू गो टू मुंबई.’ मला मुंबईला जायला मिळालं. पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं की संधी, मराठीतलं ‘-यला मिळणे’. ‘आय गॉट टू मीट द कलेक्टर’, कलेक्टरांना भेटायला मिळालं.

‘आय हॅव गॉट टू गो टू मुंबई.’ मला मुंबईला जावं लागणार. मधे एक ‘हॅव’ आला आणि हौसेची सक्ती झाली. बोलताना हा ‘हॅव’ आखडून नुसता ‘व्ह’ उरतो आणि भरभर बोलणारा तोही गिळतो. मग ओळखायचं कसं? सक्ती असेल तेव्हा ‘गॉट टू’ एकत्र होऊन ‘गॉटा’ ऐकू येतं: ‘आय गॉटा गो’. संधी असेल तेव्हा दोन्ही शब्द सुटे राहतात आणि गोष्ट बहुधा होऊन गेलेली असते. लिहिताना मात्र ‘गॉटा’ नको.

सहावी पायरी: चढणे, उतरणे आणि बाकीची शेपटं

‘गेट’ला ऑन, ऑफ, अप, ओव्हर असलं शेपूट लागलं की नवीन क्रियापद तयार होतं. यांची यादी न संपणारी आहे, म्हणून सगळी देत नाही. बस, रेल्वे, विमान, जिथे आत उभं राहून चालता येतं, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, रिक्षा, जिथे वाकून बसावं लागतं, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. मोटरसायकल, सायकल, घोडा यांवर पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’.

आपण सगळे म्हणतो ते ‘गेट डाउन’. ‘आय विल गेट डाउन अ‍ॅट विश्रामबाग’ हे भारतभर कळतं आणि मी त्याला चूक म्हणत नाही. आपल्या इंग्रजीचं ते आता अंगवळणी पडलेलं रूप आहे. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. तिथे ‘गेट डाउन’ म्हटलं की माणूस झाडावरून, शिडीवरून उतरतो किंवा खाली वाकतो.

बाकीच्यांपैकी ही आधी उचला: ‘गेट अप’, उठणे. ‘गेट थ्रू’, फोन लागणे किंवा परीक्षेतून पार पडणे. ‘गेट अलाँग’, पटणे. ‘गेट बाय’, कसंबसं भागवणे. ‘गेट रिड ऑफ’, काढून टाकणे, पिच्छा सोडवणे. ‘गेट अवे विथ’, चूक करूनही खपून जाणे. ‘गेट गोइंग’, निघणे. मुलाखतीनंतर ‘वी विल गेट बॅक टू यू’ ऐकलंत तर ‘नंतर कळवतो’ एवढंच धरा. ते होकारही नसतं आणि नकारही; आपल्याकडे स्थळ बघून गेलेली मंडळी म्हणतात तसंच.

काही शेपटं तर मराठीत राहायलाच आलीयत. दहावीच्या बॅचचं ‘गेट-टुगेदर’ आता प्रत्येक गावात होतं. आणि ‘गेटअप’ सांगलीला वेगळा सांगायची गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, नाटकाचं गाव आहे हे. आपल्या बोलण्यात ‘गेटअप’ म्हणजे वेशभूषा आणि रंगभूषा मिळून. इंग्रजीत ते नाम म्हणून वापरलं तर त्यात थोडी थट्टा असते, ‘हा काय अवतार’ अशी. पाहुण्याच्या कपड्यांचं कौतुक करताना टाळा.

सातवी पायरी: गॉट की गॉटन

ब्रिटिश पद्धतीत तिन्ही रूपं गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप बहुधा ‘गॉटन’: ‘इट हॅज गॉटन कोल्ड’. ही अमेरिकनांनी केलेली मोडतोड वाटते, पण ‘गॉटन’ जुनंच आहे. इंग्लंडात मागे पडलं, तिकडे टिकलं. मालकी आणि सक्ती सांगताना अमेरिकनही ‘हॅव गॉट’च म्हणतात. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत ‘गॉट’ लिहा, अमेरिकेतल्या भाच्याशी बोलताना काहीही चालेल.

‘आर यू गेटिंग मी?’ हे आणखी एक खास भारतीय वाक्य. ‘कळतंय ना?’ या अर्थाने ‘गेट’ला ‘इंग’ लावत नाहीत. ‘डू यू गेट इट?’ किंवा ‘डू यू सी व्हॉट आय मीन?’ म्हणा.

आठवी पायरी: कुठे वापरायचा नाही

अर्ज, बँकेचं पत्र, बायोडेटा, संशोधनाचा अहवाल. तिथे ‘गेट’ सैल वाटतो. ‘आय गॉट युअर लेटर’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’, ‘गॉट अ डिग्री’ऐवजी ‘ऑब्टेन्ड’, ‘गॉट सिलेक्टेड’ऐवजी ‘वॉज सिलेक्टेड’. पण हा नियम बोलण्यात नेऊ नका. गप्पा मारताना ‘आय ऑब्टेन्ड अ कप ऑफ टी’ म्हणणारा माणूस हसं करून घेतो.

सराव कसा करायचा

वहीत प्रत्येक चौकटीला एक पान द्या: वस्तू, अवस्था, ठिकाण, करून घेणे, घडणे, संधी, सक्ती. शेपटांना शेवटची पानं. आठवड्याला एकच चौकट घ्या आणि पुस्तकातली वाक्यं उतरवू नका. आपल्याच दिवसातली घ्या, कारण ती पुन्हा लागतात. शब्दकोश पाहायचा तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला पाहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांत अर्थाबरोबर पुढे काय येतं हेही दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोशातली अर्थांची रांग इथे उपयोगाची नाही.

नंतर एक दिवस ‘गेट’ने सांगून बघा: ‘आय गॉट अप अ‍ॅट फाइव्ह, गॉट रेडी, गॉट ऑन द मिरज बस, गॉट वेट, गॉट माय फोन रिपेअर्ड, गॉट होम लेट अँड गॉट स्कोल्डेड.’ तोच दिवस मग ‘गेट’ न वापरता लिहून काढा. दोन्ही जमलं की बोलायची आणि लिहायची इंग्रजी वेगळी कशी असते ते हातालाच कळतं.

ही सहा वाक्यं आधी स्वतः करा, मग खाली बघा. फोन लागत नाहीये. साहेबांना भेटायला मिळालं नाही. चष्मा बदलून घ्यायचाय. नदीचं पाणी वाढायला लागलंय. त्याचं भावाशी पटत नाही. वडिलांना दवाखान्यात जायला राजी केलं.

आय कान्ट गेट थ्रू. आय डिडन्ट गेट टू मीट द बॉस. आय हॅव टू गेट माय ग्लासेस चेंज्ड. द रिव्हर इज गेटिंग हायर. ही डझन्ट गेट अलाँग विथ हिज ब्रदर. आय गॉट माय फादर टू गो टू द हॉस्पिटल. शेवटच्यात ‘टू’ दोनदा आलाय. बहुतेकांचा पहिला गळतो. तुमचा गळला असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.